पट्टा बदलायचा दिवस

आमच्या घरी गाडी आली तेव्हा तिचा किलोमीटरचा मीटर बंद होता. कोथरूडच्या एका वकिलांकडून बाबांनी ती जुनी डिझेल गाडी घेतली. वकीलसाहेब झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. बाबांनी मीटरचं विचारलं तर पेपर खाली न घेता म्हणाले, "मीटर बंद आहे, गाडी चालू आहे. दोन्ही चालू हवं असेल तर शोरूमला जा." आम्हाला वाटलं, बाबा आता उठतील आणि चालू पडतील. पण बाबांना ते उत्तर फार आवडलं. "माणूस खरं बोलतो," असं ते परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले आणि उरलेला सगळा रस्ता मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. मागच्या सीटवर आई, सुजाताताई आणि मी दाटीवाटीनं बसलो होतो. पुढची सीट रिकामी होती, कारण पहिल्या दिवशी तिथे कुणी बसायचं यावर ताईचं आणि माझं एकमत झालं नव्हतं.

खडकीच्या क्वार्टर्समध्ये गाडी शिरली तेव्हा सगळी चाळ बाहेर आली. नारळ कुठे फोडायचा म्हणून शेजारच्यांनी दगडही शोधून ठेवला होता. आईनं त्यांना सांगितलं, "नारळ नाही हो, खीर आहे," आणि आल्या-गेल्याच्या हातावर वाटी ठेवली. आमच्याकडे आनंद झाला की खीर व्हायची, पौर्णिमेला तर व्हायचीच. त्या खिरीत आई जायफळ जरा जास्तच घालायची, त्यामुळे दुपारी सगळ्यांचे डोळे मिटायला लागत. पहिल्या दिवशी गाडी बाहेर आणि आम्ही आत, असे सगळे गाढ झोपलो.

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात देखभाल विभागात होते. यंत्र बंद पडल्यावर ते दुरुस्त करणं हे त्यांच्या मते कमीपणाचं काम. बंद पडायच्या आधी त्याचा कुठला भाग बदलायचा, हे ज्याला कळतं तो खरा माणूस. अशा माणसाच्या हाती एक जुनी गाडी आली, आणि ती आजवर किती पळाली, तिचं ऑइल कधी बदललं, पट्टा कधी घातला, यातलं काही म्हणजे काही कुणाला माहीत नाही! दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. बाबांचा चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा उजळला. त्यांनी जाहीर केलं की गाडीचा मागचा जन्म आपण विसरायचा. तिचं सगळं आजपासून नव्यानं सुरू. मग ऑइल बदललं, ऑइलचा फिल्टर बदलला, डिझेलचा फिल्टर, हवेचा फिल्टर, रेडिएटरमधलं पाणी, ब्रेकचं तेल, सगळं बदललं. राहिला तो फक्त इंजिनातला टायमिंगचा पट्टा. तो बघून बाबा म्हणाले, "हा अलीकडचाच दिसतोय. याला थोडे दिवस देऊ."

मग त्यांनी पुठ्ठ्याचा एक मोठा तक्ता केला आणि तो स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाच्या वर भिंतीवर लावला. मीटर बंद असल्यामुळे गाडी किती चालली हे कळायची सोय नव्हती, म्हणून बाबा डिझेलवरून अंदाज काढायचे. इतकं डिझेल संपलं म्हणजे गाडी साधारण इतकी फिरली. त्यावरून ऑइल कधी, फिल्टर कधी, चाकांची अदलाबदल कधी, हे सगळं तक्त्यावर यायचं. गाडीबरोबर वकिलांनी एक माहितीपुस्तक दिलं होतं, त्यात प्रत्येक कामाची मुदत छापलेली होती. बाबा ती वाचायचे, मान हलवायचे आणि मुदत निम्मी करायचे. पुण्याची धूळ म्हणून निम्मी, गाडी जुनी म्हणून आणखी थोडी कमी. ताई म्हणायची, "बाबा, अशानं गाडी चालवायची कधी? रविवारी?" रविवारी गाडी धुवायची असे.

आम्हालाही कामं वाटून दिलेली होती. ताईकडे टायरची हवा आणि बॅटरीचं पाणी. माझ्याकडे रोजचं ऑइल बघणं आणि डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी सोडणं. फिल्टरखालचा छोटा नळ सैल केला की आधी पाणी यायचं आणि मग डिझेल. डिझेल आलं की लगेच बंद. तो वास बोटांना दोन दिवस राहायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण विचारायची, "तू रॉकेलच्या रांगेत उभी असतेस का गं रोज?" आताच्या माझ्या गाडीला काही हवं असलं की तीच मोबाइलवर निरोप पाठवते. मी खराडीत बाराव्या मजल्यावर बसून तो वाचते, तारीख ठरवते, आणि कुणीतरी येऊन गाडी घेऊन जातो. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण माझी गाडी आतून कशी दिसते हे मला ठाऊक नाही, आणि बाबांची ती गाडी मी आजही डोळे मिटून उघडू शकेन.

आता पाटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. कारखान्यात यंत्रावर काम चालू असलं की त्यावर लाल पाटी लावतात, आणि ती ज्यानं लावली त्यानंच काढायची असते. मोठा साहेब आला तरी त्यानं हात लावायचा नाही. बाबांनी ती पद्धत घरी आणली. पत्र्याच्या लाल पाट्या केल्या, प्रत्येकीवर नाव घातलं आणि खाली लिहिलं, 'काम चालू आहे. हात लावू नये.' पाटी स्टीअरिंगला अडकवली की गाडी जागची हलायची नाही. "पुण्यात राहून आपल्याच घरात तेवढी पाटी नव्हती, ती एकदाची आली," आई म्हणाली. ताईनं एकदा माझी पाटी काढून मैत्रिणींना फिरवून आणलं होतं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी शेजारच्या थोरातकाकांना चहाला बोलावलं आणि ताईला चहा द्यायला सांगितलं. थोरातकाका पूर्वी कुठल्याशा गिरणीत होते. त्यांनी कप उचलला तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची तीनच बोटं दिसली. ती आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो, पण का ते कधी विचारलं नव्हतं. काका हसत म्हणाले, "सुजाता, कुणीतरी माझी पाटी काढली होती बघ." त्यानंतर आमच्या घरात कुणी कुणाच्या पाटीला हात लावला नाही.

आईच्या नावाची पाटी मात्र नव्हती. तिला गाडीचं काम दिलंच नव्हतं, आणि तिनंही मागितलं नव्हतं, कारण तिचं वेगळंच काम चालू होतं. दहावीनंतर तिचं लग्न झालं होतं. आम्ही दोघी मोठ्या झाल्यावर तिनं विहारातल्या बायकांबरोबर जाऊन बहिःस्थ म्हणून नाव घातलं, बारावी झाली, आणि मग ती बी.ए.ला बसली. अभ्यासाला तिला वेगळी जागा किंवा वेळ कुणी दिली नाही, तिनंही रुसून मागितली नाही. भाकरी थापता थापता ती मोठ्यानं पाठ करायची. "राज्यघटनेची वैशिष्ट्ये," थाप, "पहिले वैशिष्ट्य," थाप, आणि दुसरं वैशिष्ट्य येईपर्यंत भाकरी तव्यावर टम्म फुगलेली असायची. तव्याचा चटचट आवाज, सुकटीचा वास, लांबून येणारा कारखान्याचा भोंगा आणि आईची घटना, हे सगळं माझ्या कानात एकत्रच आहे. बाबा जेवायला बसले की ती थांबायची. त्यांनी विचारलं तर सांगायला नको असं नव्हतं, पण ते विचारायचे नाहीत. वाईट मनानं नव्हे. बाबांचा समज असा, की जे बिघडलेलं नाही आणि बिघडायची चिन्हं नाहीत, ते चालू आहे तसं चालू द्यावं. आईच्या बाबतीत ते नेमके दुरुस्तीवाल्यासारखे वागायचे आणि हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

आईच्या शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर होता त्या दिवशी ताई तिच्या नोकरीवर लवकर गेली होती. बाबा सकाळच्या पाळीला गेले. केंद्र पार कात्रजच्या पलीकडच्या एका कॉलेजात आलं होतं. आई पांढरी साडी नेसली, दही-भात खाल्ला, पेनं तीनदा बघितली, आणि आम्ही दोघी रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेलो. रिक्षा नव्हत्या. एकही नव्हती. पानाच्या टपरीवाला म्हणाला, "बंद आहे की आज रिक्षा. सकाळपासून सांगतोय सगळ्यांना, पाटीच लावतो आता." दोन बस आल्या, दोन्ही दारापर्यंत माणसांनी भरलेल्या, थांबल्याच नाहीत. आईनं घड्याळ बघितलं आणि पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला. हा पेपर बुडाला तर वर्ष गेलं. आणि गेलं तर ती पुन्हा बसणार नाही, हे मला तिनं न सांगता कळत होतं. एवढ्या वयात एकदा जीव एकवटून केलेली गोष्ट पुन्हा करायचं बळ कुणाला उरतं?

मी म्हटलं, "गाडी काढते." आम्ही धावत घरी आलो. गाडीचं दार उघडलं तर स्टीअरिंगला लाल पाटी. बाबांच्या नावाची. मग मला तक्ता आठवला. आज पट्टा बदलायचा दिवस! बाबा पाळी संपल्यावर येताना नवा पट्टा आणणार होते आणि संध्याकाळी थोरातकाकांना घेऊन तो बसवणार होते. पाटी मात्र शिस्तीप्रमाणे सकाळीच लावून गेले होते.

"काढते मी," मी म्हटलं. "बाबांना मी सांगेन काय सांगायचं ते."

"नको," आई म्हणाली. "ज्याची पाटी त्यानं काढायची."

"अगं, तुझा पेपर आहे!"

"थोरातभावजींची बोटं बघितलीस ना? चल फाटकावर."

मी मनातल्या मनात बाबांना, पट्ट्याला आणि सगळ्या रिक्षावाल्यांना शिव्या घालत तिच्या मागून निघाले. पांढरी साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात पेनं आणि हॉल तिकीट, आणि आई अशी चालत होती की मला पळावं लागत होतं. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं आम्हाला ओळखलं, "जय भीम वहिनी, काय झालं? कोणी आजारी का?" आई म्हणाली, "कोणी नाही. साहेबांना म्हणावं, पाटी काढायला घरी या." पहारेकऱ्यानं निरोप आत पाठवला, कसा पाठवला कुणास ठाऊक. बाबा टोपी हातात धरून धावत आले, चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"गाडी हवी आहे. कात्रजला जायचंय. रिक्षा बंद आहेत."

बाबांनी एक मोठा श्वास सोडला. "आज नाही जमणार. आज पट्टा आहे. कात्रजला कशाला?"

"पेपर आहे माझा."

"आज? बोलली नाहीस ते!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे ती इतकं साधं बोलली, की पहारेकरी लगेच दुसरीकडे बघायला लागला. बाबा टोपी फिरवत राहिले. मग त्यांनी समजावणीचा सूर लावला. "अगं, चालत्या गाडीत पट्टा तुटला तर इंजिनाची पार वाट लागेल. रस्त्यात अडकाल दोघी."

"पुस्तकात किती मुदत आहे त्याची?"

"पुस्तकात... आहे अजून."

"किती?"

"बरीच आहे," बाबा म्हणाले. "निम्म्याहून जास्त."

"मग आज का बदलायचा?"

बाबा कधी नव्हे ते चिडले. "कारण पुस्तक लिहिणाऱ्याची बायको-पोरं नाही बसत या गाडीत! माझी बसतात."

एवढी वर्षं आम्ही त्या निम्म्या मुदतींना हसत होतो. बाबांना यंत्रांचा नाद आहे, सवय आहे, हौस आहे असं समजत होतो. माझे डोळे भरून आले, आणि आईचेही. पण ती आई होती. तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "बरं. मग आज बायको-पोरीला बसू द्या आणि तुम्हीही बसा. तुटला तर तुम्ही आहातच बरोबर."

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ताईच्या जन्माच्या दिवशीसुद्धा त्यांनी ती टाकली नव्हती, असं आईनं मला घराकडे पळता पळता सांगितलं, आणि त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त होतं. बाबांनी स्वतःच्या हातानं पाटी काढली. मी चावी फिरवली, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले, आणि आमची ती खडखडी गाडी एका दमात सुरू झाली. बाबा माझ्या शेजारी, आई मागे. रेंजहिल्सच्या चढावर बाबांचा तळवा डॅशबोर्डवर होता. "हळू. जोर देऊ नकोस. दुसरा टाक. आता तिसरा." मागून आईचं सुरू झालं, "संघराज्याची वैशिष्ट्ये. पहिले, अधिकारांची विभागणी." शिवाजीनगरपर्यंत पुढे गिअर आणि मागे संघराज्य असं चाललं होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा बाबांनी मागे हात केला. "आण ते पुस्तक." आईला वाटलं, त्यांना आवाज नकोसा झाला. तिनं पुस्तक दिलं. बाबांनी ते उघडलं, चष्मा लावला, आणि कारखान्यातल्या पोरांची तोंडी परीक्षा घेतल्यासारखे म्हणाले, "राज्यपालांचे अधिकार सांगा."

आईनं सांगितले. एकही चुकला नाही. बाबांनी पान उलटलं. "आणीबाणीच्या तरतुदी." त्याही आल्या. स्वारगेटला मी मुद्दामच तिसऱ्या गिअरवरून चौथा टाकला, गाडीचा वेग वाढला, पट्टा तुटायचा असेल तर आता तुटेल असं मला वाटत होतं, पण बाबांनी मान वर केली नाही. ते पुस्तक डोळ्यांजवळ धरून पुढचा प्रश्न शोधत होते. एका उत्तराला तर ते म्हणाले, "हे इथे नाही लिहिलेलं." आई म्हणाली, "ते दुसऱ्या पुस्तकात आहे. घरी गेल्यावर दाखवते." बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. कितीतरी वर्षं एका ताटासमोर बसून जेवलेल्या बाईकडे बघावं तसं नाही, नव्यानं आलेल्या अवघड यंत्राकडे ते जसं बघायचे तसं, म्हणजे त्यांच्या लेखी फार आदरानं.

आम्ही पोहोचलो तेव्हा कॉलेजचा शिपाई फाटक ओढून घेत होता. गणवेशातले बाबा आधी उतरले, मग मी, मग आई. शिपायानं आम्हा तिघांकडे बघून विचारलं, "परीक्षा नेमकी कोणाची आहे? सगळ्यांनी एकदम नका घुसू." "माझी," आई म्हणाली, आणि ती पिशवी छातीशी धरून आत पळाली. पांढऱ्या साडीतली माझी आई पळताना मी पहिल्यांदा बघितली. ती जिन्यावर दिसेनाशी झाली आणि बाबांनी तेव्हा कुठे रूमाल काढून घाम पुसला.

पेपर संपेपर्यंत आम्ही दोघं बाहेर होतो. मला वाटलं, बाबा आता बॉनेट उघडून पट्टा बघतील. त्यांनी गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. कात्रज डेअरीच्या टपरीवर आम्ही गार ताक प्यायलो, दोनदा. बाबा एका झाडाखाली बसून आईचं पुस्तक वाचत होते, आणि मधेच मला विचारत होते, "हे इतकं सगळं पाठ केलं तिनं? केव्हा केलं?" मी म्हटलं, "भाकऱ्या करताना. तुम्ही यायच्या आधी." "तरीच भाकऱ्या कधी कधी करपायच्या," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले, पण ते हसू काही फार टिकलं नाही.

मुलंमुली बाहेर यायला लागली. त्यांच्या घोळक्यात आमची आई, बोटांना शाई, केस जरा सुटलेले. बाबा उठून उभे राहिले. मी धावत गेले, "कसा गेला?" "बरा गेला," आई म्हणाली. आमच्याकडे 'बरा' म्हणजे उत्तम, हे पुण्यात कुणालाही कळेल. बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. आजवर त्यांनी रस्त्यात तिच्या हातातलं काही घेतलेलं मला आठवत नव्हतं.

"पुढचा पेपर कधी?" त्यांनी विचारलं.

"परवा."

"आणि त्याच्यापुढचा?"

आईनं सगळे दिवस सांगितले. बाबा प्रत्येक दिवस तोंडात पुन्हा म्हणून बघत होते. "त्या दिवसांत गाडीचं काम काढायचं नाही कुणी," ते म्हणाले. "मी पण नाही. पट्टा तुझे पेपर झाल्यावर बघू. आणि पुढच्या वर्षी आधी तुझे दिवस ठरवू, मग गाडीचे."

आई हसायला लागली. "पुढच्या वर्षी कसले दिवस? अहो, हे शेवटचं वर्ष आहे माझं. संपलं आता."

बाबा जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा इतका पडला, की मला वाटलं आता त्यांना काय सांगून सावरायचं. तिचं सगळं शिक्षण त्यांच्या घरात, त्यांच्या तक्त्याखाली, त्यांच्या पाठीमागे होऊन गेलं होतं आणि त्यांना ते शेवटच्या वर्षाच्या पेपराच्या दिवशी कळत होतं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग घसा साफ केला.

"मग एम.ए.ला बस की," ते म्हणाले. "सोडायला मी येतो."